इंग्रजी येते, मग अडते कुठे?

मँचेस्टरहून बोस्टनला, टोरंटोहून डब्लिनला किंवा पुण्याहून मेलबर्नला बिऱ्हाड हलवणाऱ्याला निघताना सगळे एकच दिलासा देतात : भाषेची काळजी नाही, तिकडे इंग्रजीच आहे. जपानला निघालेल्याची कीव करणारी मंडळी याच्याबाबतीत निर्धास्त असतात. फरक असलाच तर चार शब्दांचा, थोड्या स्पेलिंगचा आणि गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूने हाकायची एवढाच. हे मत इतके पसरलेले आहे की ते सहसा कोणी मांडत नाही, गृहीतच धरतात. ज्यांना फरक दिसतो तेही तो विनोदाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात एका सामाईक भाषेचीच भिंत आहे, या आशयाची कोटी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावावर खपते. शॉच्या लेखनात ती कोणाला सापडलेली नाही. तशीच थट्टा ऑस्कर वाइल्डने १८८७मध्ये ‘द कँटरव्हिल घोस्ट’ या कथेत केली होती, ती मात्र छापील आहे. कोटी झाली, हशा पिकला, की पुढचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

खंडनाआधी पूर्वपक्षाला त्याचे माप पुरते द्यायला हवे, कारण त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. अमेरिकेला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली असताना, १७८९मध्ये, नोआ वेब्स्टरने भाकीत केले होते की डच, डॅनिश आणि स्वीडिश जशा जर्मनपासून दुरावल्या तशी अमेरिकेची भाषा पुढे इंग्लंडच्या भाषेपासून दुरावेल. हे दुरावणे व्हावे म्हणून त्याने स्वतःही कंबर कसली आणि १८२८मध्ये अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश काढला. स्पेलिंगे थोडीफार बदलली, भाकीत मात्र फसले. एच. एल. मेंकेन यांनी १९१९मध्ये ‘द अमेरिकन लँग्वेज’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा तेही दोन भाषा फुटत चालल्याच्या मताचे होते. १९३६च्या आवृत्तीत त्यांनी भूमिका फिरवली : प्रवाह उलटला आहे, आता ब्रिटिश इंग्रजीच अमेरिकन इंग्रजीची एक बोली होऊन बसेल. तेही झाले नाही. शिकागोतला वाचक लंडनचे दैनिक विनासायास वाचतो आणि लंडनचा वाचक शिकागोचे. व्याकरणातले फरक पानभरात मावतील. तेव्हा लिखित इंग्रजी एक आहे, हे मान्य. पण त्यावरून काढलेले अनुमान, म्हणजे बिऱ्हाड हलवणाऱ्याला भाषेची अडचण नाही, हे मान्य करता येत नाही. माझे म्हणणे त्याच्या अगदी उलट आहे. अडचण येते ती भाषा एक असल्यामुळेच.

आधी शब्दांच्या याद्या. इंग्लंडात लिफ्ट, अमेरिकेत एलिव्हेटर. इकडे बिस्किट, तिकडे कुकी. इकडे बूट, तिकडे ट्रंक. परदेशी राहायला जाणाऱ्यांसाठीच्या प्रत्येक पुस्तकात अशी यादी असतेच, आणि तीच सर्वांत निरुपयोगी असते. कारण या शब्दांची चूक झाली की ती लगेच दिसते. दुकानदार कपाळाला आठी घालतो, पुन्हा विचारतो, आपण बोट दाखवतो, काम होते. दुसऱ्या दिवसापासून शब्द पाठ. घात करतात ती वाक्ये वेगळी. ती ऐकताना दोघांनाही सगळे समजल्यासारखे वाटते, म्हणून कोणीच पुन्हा विचारत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-अमेरिकन लष्करी बैठकीतला असा एक प्रसंग चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवला आहे. ब्रिटिशांनी एक टिपण आणले होते आणि ते तातडीचे असल्याने बैठकीत ‘टेबल’ करावे असा त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश कारभारात याचा अर्थ विषय आत्ताच चर्चेला घेणे. अमेरिकन कारभारात अर्थ नेमका उलटा : विषय बाजूला सारणे. अमेरिकनांना विषय महत्त्वाचा वाटत होता म्हणून त्यांनी ‘टेबल’ करायला ठाम विरोध केला. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती आणि त्यासाठी त्या बराच वेळ एकमेकांशी भांडत होत्या. दुभाषा असता तर हे भांडण झालेच नसते. दुभाष्याची गरज नाही, हीच तर सोय होती!

कोरियातल्या इम्जिन नदीवरची गोष्ट याहून गंभीर आहे. एप्रिल १९५१मध्ये चिनी फौजेचा लोंढा ब्रिटिश ब्रिगेडवर कोसळला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन एका टेकडीवर जवळजवळ वेढली गेली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन सेनापतींना कळवले की परिस्थिती जरा अवघड आहे. वापरलेला शब्द होता ‘स्टिकी’, आणि त्याआधी ‘अ बिट’. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी याचा अर्थ आम्ही मरणाच्या दारात आहोत असा होतो. अमेरिकन कानाला तो असा लागला, की त्रास आहे पण निभावतेय. माघारीचा हुकूम वेळेवर आला नाही, असे ही हकीकत सांगणारे म्हणतात. बटालियनच्या सुमारे ६५० जणांपैकी सुटून परतले ते जेमतेम चाळीसच्या आसपास; बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले. एका वाक्याने लढाईचा निकाल लागला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शत्रूची संख्या आणि मोडलेली फळी ही कारणे मोठीच होती. पण ‘अ बिट’ हे दोन इवलेसे शब्द कोणत्याही यादीत सापडायचे नाहीत. त्यांचा अर्थ दोन्हीकडे तोच आहे, वजन तेवढे वेगळे.

वजनाचा हा फरक रोजच्या जगण्यात जागोजागी भेटतो. ‘क्वाइट गुड’ म्हणजे अमेरिकनाच्या लेखी चांगलेच चांगले, इंग्रजाच्या लेखी ठीकठाक, बरे. अमेरिकन पाहुणा यजमानीणबाईंच्या पुडिंगला मनापासून हे विशेषण लावतो आणि बाईंचा चेहरा पडतो. उलट बाजूने, इंग्लंडातल्या प्राध्यापकाने शिफारसपत्रात नाकाला चिमटा काढून लिहिलेले हेच शब्द अमेरिकेत शाबासकी म्हणून वाचले जातात. दुकानातला इंग्रज पोऱ्या ‘यू ऑल राइट?’ म्हणतो तेव्हा ते निव्वळ नमस्कारासारखे असते. नुकताच आलेला अमेरिकन मात्र आरशात पाहतो : मी आजारी दिसतोय की काय? दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाउ’ येतो असे सांगणारा माणूस आत्ता येत नाही. थोड्या वेळाने येतो, कधी बऱ्याच वेळाने, कधी येतही नाही. लवकर यायचे असेल तर तो ‘नाउ नाउ’ म्हणतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घरगुती मेजवानीला बोलावताना ‘ब्रिंग अ प्लेट’ असे सांगण्याची जुनी पद्धत आहे. एखादा पदार्थ करून आणा, एवढाच त्याचा मतलब. तिथल्या स्थलांतरितांच्या आठवणींत रिकामी ताटली घेऊन गेलेला पाहुणा हटकून असतो. त्याला वाटत असते बिचाऱ्यांकडे ताटल्या कमी पडल्या असतील. यजमानांना वाटते हा माणूस फुकट जेवायला आलाय.

इंग्रज तोंडाने काय म्हणतात आणि त्यांच्या मनात काय असते, असा दोन स्तंभांचा तक्ता बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. मला तो तक्ता फसवा वाटतो. त्याने इंग्रज धूर्त ठरतो आणि बाकीचे जग भोळे. इंग्रज इंग्रजाशी बोलतो तेव्हा लपवाछपवी काहीच नसते, ऐकणाऱ्याला पुरते कळलेले असते. तिथे गुप्त लिपी नाही, आवाजाची पट्टी तेवढी खालची आहे. त्या पट्टीची सवय नसलेल्या माणसाला ती लबाडी भासते. याच न्यायाने अमेरिकनाची वरची पट्टी इंग्रजाला खोटी भासते. ‘ऑसम’ हे विशेषण सँडविचला लावणारा माणूस ताजमहालाला काय लावणार, असा त्याचा प्रश्न. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघेही एकमेकांना अप्रामाणिक ठरवतात.

इथे पूर्वपक्षी म्हणेल, असे घोटाळे परभाषेत जास्त होतात. होतात, आणि तिथे ते माफही होतात. भाषावैज्ञानिक जेनी थॉमस यांनी १९८३मध्ये एका निबंधात हा भेद फार नेमका पकडला. व्याकरण चुकले तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा येत नाही. पण भाषा सफाईने बोलणाऱ्याने प्रसंगाला न शोभेल असे काही म्हटले, तर ऐकणारा त्याच्या भाषेला दोष देत नाही, स्वभावाला देतो. अडखळणारा माणूस अजाण ठरतो, सफाईने बोलणारा उद्धट. सफाई जितकी जास्त तितकी सूट कमी. आता याच्या टोकाला जाऊन पाहा : ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्याला सूट किती? शून्य. लियॉनहून लंडनला आलेल्या फ्रेंच माणसाने ‘प्लीज’ गाळले तर लोक म्हणतील, शिकेल हळूहळू. ओहायोहून आलेल्याने गाळले तर म्हणतील, अमेरिकन असेच.

आणि तो गाळतोच. लिन मर्फी या अमेरिकेत वाढलेल्या आणि इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात शिकवणाऱ्या भाषावैज्ञानिक. त्यांनी राकेले दे फेलिचे यांच्यासह दोन्ही देशांतल्या कचेऱ्यांचे ईमेल तपासले, तेव्हा काही मागताना ब्रिटिश लोक अमेरिकनांच्या सुमारे दुप्पट वेळा ‘प्लीज’ वापरतात असे दिसले. यावरून अमेरिकन उर्मट असे म्हणायला इंग्रज तयारच असतो. परंतु अमेरिकन कानाला साध्यासुध्या मागणीतले ‘प्लीज’ कधी गयावया वाटते, तर कधी साहेबाने दटावल्यासारखे. सौजन्य तो दुसऱ्या ठिकाणी ठेवतो : आभार, कौतुक, हसरा चेहरा, नाव घेऊन बोलणे. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. ‘कृपया’ आपण फलाटावरच्या घोषणेत ऐकतो आणि बागेतल्या पाटीवर वाचतो, घरात म्हणत नाही. आपली आर्जवे ‘जरा’मध्ये असतात, ‘देता का’मध्ये असतात. ‘ए, जरा पाणी दे ना’ यात कमी नम्रता आहे असे कोण म्हणेल? पण हाच माणूस मनातल्या मनात याचे इंग्रजी करतो तेव्हा ‘जरा’ही गळते आणि ‘ना’ही, आणि इंग्रजाच्या कानी नुसता हुकूम पडतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा हीथ्रो विमानतळावरच्या एका कँटीनमधून आला. १९७०च्या दशकात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायकांना नव्याने कामावर घेतले होते. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या, की या बायका तुसड्या आहेत, नीट बोलत नाहीत. बायकांचेही म्हणणे होते की लोक आमच्याशी आकसाने वागतात. जॉन गम्पर्झ या भाषावैज्ञानिकांना बोलावले गेले. त्यांनी बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकले तर सगळे भांडण एका शब्दाशी येऊन थांबले. ताटात मांस वाढल्यावर वर ग्रेव्ही घालायची का, हे विचारायचे असे. इंग्रज वाढपीण म्हणे ‘ग्रेव्ही?’, शेवटी सूर चढता. या बायकाही तेवढेच म्हणत, ‘ग्रेव्ही’, पण सूर उतरता. त्यांच्या बोलण्याच्या रीतीत असे विचारणे सरळ आणि नम्र होते. इंग्रजाला ते ऐकू येई : ही ग्रेव्ही आहे, हवी तर घे, नाही तर चालू लाग. एकच शब्द, उच्चार कळण्याजोगा, अर्थ नि:संदिग्ध. बायकांना ध्वनिफीत ऐकवली तेव्हा आधी फरकच जाणवेना. आम्ही तेच तर म्हणतोय, असे त्यांचे म्हणणे. कळले तेव्हा दोन्ही बाजूंचा ताण बराच सैल झाल्याचे गम्पर्झ नोंदवतात.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की तक्रार करणाऱ्यांपैकी कोणी म्हणाले नाही की या बायकांचे इंग्रजी कच्चे आहे. त्यांनी थेट स्वभावच काढला. त्यात वर्णद्वेष अजिबात नव्हता असे मला सुचवायचे नाही. सत्तरीच्या दशकातले इंग्लंड ज्याने वाचले आहे तो असे म्हणणार नाही. पण द्वेषाला रोज नवा पुरावा पुरवण्याचे काम तो उतरता सूर करत होता.

गम्पर्झ हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, त्यांच्या एका गाजलेल्या अभ्यासाचे ठिकाण मात्र ओळखीचे आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये त्यांनी काम केले आणि रॉबर्ट विल्सन यांच्यासह १९७१मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आता सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महापालिका आहे. तेव्हा ते तीनएक हजार वस्तीचे गाव होते. जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, आणि चारचौघांत मराठी. शतकानुशतके एकमेकांत वावरून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेले की दुसऱ्या भाषेतले शुद्ध कुपवाडी वाक्य तयार! शब्द मात्र प्रत्येकाने आपापले राखले होते. ऐकणाऱ्याला वाटावे, या गावात तीन परक्या भाषा चालतात. प्रत्यक्षात बोलण्याची रीत एकच. पूर्वपक्षाचे मूळ गृहीत इथे मोडते. शब्द सामाईक असणे आणि बोलण्याची रीत सामाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. इंग्रजी देशांत कुपवाडच्या नेमके उलटे घडले आहे.

आतापर्यंत बोलण्याचे झाले. सामाईक भाषा न बोललेल्या गोष्टीही झाकते. अमेरिकेत दुकानातल्या वस्तूवर जी किंमत छापलेली असते ती देऊन वस्तू मिळत नाही. विक्रीकर गल्ल्यावर चढतो, आणि तो राज्याराज्यात, गावागावात निराळा. ऑरेगन किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा विक्रीकरच नाही. ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट पाटीवरच्या किमतीत आधीच धरलेला असतो. खाणावळीतली टीप हे त्याहून नाजूक प्रकरण. ब्रिटिश माणूस टीप म्हणजे खुशीची बक्षिसी समजतो. अमेरिकेत वेटरला मालकाने द्यायच्या रोख मजुरीची केंद्रीय कायद्यातली किमान मर्यादा १९९१पासून ताशी २.१३ डॉलर एवढीच आहे, काही राज्यांत ती जास्त आहे. उरलेले पोट गिऱ्हाइकाच्या टीपवर. १५ ते २० टक्के हा तिथे मजुरीचाच भाग आहे. मेनू वाचता येतो, बिल वाचता येते, म्हणून ब्रिटिश पाहुण्याला यात काही विचारण्यासारखे आहे असे सुचतच नाही. तोच माणूस तोक्योला निघाला असता तर टीप द्यायची की नाही हे विमानात बसण्याआधी चारदा वाचून गेला असता. लांबच्या पाहुण्याला सगळे वाट सांगतात, शेजारच्या गावचा मात्र चुकूनच पोचतो.

डॉक्टरकडचे आणि बँकेतले शब्द याच जातीचे. ‘डिडक्टिबल’, ‘को-पे’, ‘नेटवर्क’ हे अस्सल इंग्रजी शब्द आहेत, पण १९४८पासून एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या सावलीत वाढलेल्या ब्रिटिशाला ते व्याकरणाने उलगडत नाहीत. ते उलगडायला विम्याची सगळी यंत्रणा कळावी लागते. ब्रिटनमध्ये आलेला अमेरिकन उलट बाजूने चक्रावतो : बँक खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्ता मिळवायला घरमालकाला बँक खाते दाखवावे लागते.

फरक मान्य करूनही तो ‘बिघाड’ म्हणून मांडणारा एक पोटपक्ष आहे, त्याला दोन शब्दांत निकालात काढू. अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवली, भारतीयांनी तर पार वाट लावली, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेचा पिंट ४७३ मिलिलिटरचा आणि ब्रिटनचा ५६८चा, यात मूळ कोणते? अमेरिकेचा गॅलन हा राणी ॲनच्या काळचा, १७०७चा इंग्लिश मद्याचा गॅलन आहे. बदलला तो ब्रिटनने, १८२४मध्ये. शरद ऋतूला ‘फॉल’ म्हणणेही इंग्लंडातलेच जुने. आपल्या घरातले गोल पिनांचे प्लग जुन्या ब्रिटिश प्रमाणाचे. ब्रिटनने १९४७मध्ये चौकोनी पिना आणल्या, आपण जुन्याच ठेवल्या. मुंबईकर अमेरिकेत पहिल्या मजल्यावर जायला जिना चढतो आणि दुसऱ्यावर पोचतो, कारण त्याचा तळमजला ब्रिटिश पद्धतीचा आहे. आपल्याकडच्या भरमसाट फीच्या शाळा ‘पब्लिक स्कूल’ म्हणवतात तेही इंग्लंडच्या ईटन-विंचेस्टरच्या चालीवर. अमेरिकेत त्याच शब्दाने सरकारी शाळा कळते. प्रत्येक देशाने इंग्लंडचे वेगवेगळे साल जपून ठेवले आहे. बिघाड कोणाचा म्हणायचा?

चित्रपट, मालिका आणि इंटरनेट यांनी हे सगळे पुसून टाकले, असाही एक युक्तिवाद आहे. शब्दांपुरता तो खरा. ब्रिटिश पोरे अमेरिकन शब्द सर्रास वापरतात, अमेरिकनही हल्ली ब्रिटिश शब्द उचलतात. पण मालिकेतले पात्र आपल्याशी बोलत नाही आणि आपण त्याला उत्तर देत नाही. जो सौजन्याचा हिशेब समोरासमोर चुकतो आणि समोरासमोरच दुरुस्त होतो, तो पडद्यावर शिकता येत नाही. पाहुणचाराचे उदाहरण घ्या. चहा घेणार का, असे विचारल्यावर आपल्याकडे पहिले ‘नको’ हे उत्तर नसतेच, ती आग्रहाला दिलेली जागा असते. आयर्लंडातही जवळपास अशीच रीत आहे. दोनतीनदा नाही म्हणून मग कप हातात घ्यायचा. अमेरिकेत पहिले ‘नो, थँक्स’ शेवटचे मानतात, कारण माणसाच्या शब्दाचा मान राखणे हेच तिथे सौजन्य. अमेरिकन मालिकांचे सगळे भाग पाठ असलेला पुणेकर अमेरिकेत उपाशी राहतो आणि यजमानाला आतिथ्यशून्य ठरवतो. बैठकीत ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा त्याला शंका विचारायची असते, समोरच्याला वाटते याचा माझ्यावर विश्वास नाही.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप. इंग्रजीचा गंध नसताना परदेशात जाऊन पडलेल्या निर्वासिताच्या शेजारी या तक्रारी चैनीच्या नाहीत का? आहेत. सीरियातून आलेल्या कुटुंबाचे हाल आणि टीप चुकलेल्या इंग्रजाची फजिती एका तराजूत घालणे अश्लाघ्य होईल. माझे म्हणणे दुःख मोठे असल्याचे नाहीच. ते वेगळ्या प्रकारचे आहे, आणि ‘भाषा तर एकच’ या वाक्याने ते दिसेनासे होते, एवढेच. शिवाय ‘इंग्रजी बोलणारा देश’ ही वर्गवारीही कोणी आकाशातून पाडलेली नाही. ब्रज कचरू या काश्मिरी भाषावैज्ञानिकांनी १९८५मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली : आतले ब्रिटन-अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे, मधले भारत-नायजेरियासारख्यांचे, बाहेरचे उरलेल्या जगाचे. हेतू मधल्या वर्तुळाला मान मिळवून देण्याचा होता, पण आतले वर्तुळ म्हणजे एकजिनसी घर, असा समज त्यातून बळावला. ब्रिटिश गृहखात्याचे वागणे याच समजावर चालते. नागरिकत्व मागणाऱ्या अमेरिकन, कॅनेडियन किंवा जमैकन माणसाला इंग्रजी येते की नाही हे सिद्ध करावे लागत नाही. भारतीयाला इंग्रजीतून घेतलेल्या पदवीचा दाखला नाही तर परीक्षा द्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेलाही त्या यादीत जागा नाही.

पण त्याच गृहखात्याची आणखी एक परीक्षा आहे आणि तिच्यातून अमेरिकनाचीही सुटका नाही. ‘लाइफ इन द यूके’ नावाची ही चाचणी २००५मध्ये सुरू झाली : ४५ मिनिटे, २४ प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. म्हणजे भाषा येणे आणि इथले जगणे येणे या दोन गोष्टी आहेत, हे सरकारने स्वतःच कबूल केले. कबूल केले खरे, पण निभावले नाही. निभावायचे कसे हे पाहायचे तर अमेरिकेच्या युद्धखात्याने १९४२मध्ये ब्रिटनला निघालेल्या सैनिकांना दिलेली पुस्तिका काढून पाहा. १९४४च्या नॉर्मंडीच्या स्वारीपर्यंत असे सुमारे १५ लाख सैनिक ब्रिटनमध्ये उतरले होते. पुस्तिकेत शब्दांची यादी आहेच, पण भर वेगळ्याच गोष्टींवर आहे : आपला जास्त पगार मिरवू नका, राजावर टीका करू नका, इंग्रज कमी बोलतो याचा अर्थ तो शिष्ट आहे असा घेऊ नका, आणि आपण भणंगासारखे दिसतो हे सांगायला ‘बम’ शब्द वापरू नका, इंग्रजाला त्यात पार्श्वभाग ऐकू येतो. चाचणीसाठी वाचायच्या ब्रिटिश सरकारी पुस्तकात सुरुवातीच्या काळात डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे, गुन्ह्याची तक्रार कशी करायची अशी माहिती असे. २०१३च्या आवृत्तीत तिला कात्री लागली आणि इतिहासाची पाने वाढली. अमेरिकेत जन्मलेले, ही चाचणी देऊन २०११मध्ये ब्रिटिश नागरिक झालेले डरम विद्यापीठाचे प्राध्यापक थॉम ब्रूक्स यांनी २०१३मध्येच या बदलावर सविस्तर अहवाल लिहून टीका केली. पुस्तक अजून त्याच वळणाचे आहे. आठव्या हेन्रीच्या सहाही राण्यांची नावे त्यात क्रमाने दिलेली आहेत. पबमध्ये चारजणांबरोबर बसल्यावर सर्वांसाठी बिअर आणायची पाळी आपल्यावर कधी येते, हे मात्र नव्या नागरिकाला तिथल्या टेबलावर पसरलेल्या शांततेवरूनच ओळखावे लागते. आणि तो इंग्रजी बोलणारा असल्यामुळे त्याला ते कोणी सांगत नाही.